आवाजाचा निखळलेला सांधा : प्रस्तावना

पूर्ण भूल देऊन केलेल्या ऑपरेशननंतर आवाज बसणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की तिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. श्वासनळीत नळी घातलेली असते, तिने घसा खरवडतो, आवाज घोगरा होतो आणि दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात, आपोआप सुटतो. बहुतेकांचं असंच होतं. हे पुस्तक उरलेल्या मोजक्या लोकांसाठी आहे. त्यांचा आवाज आठव्या दिवशी परतत नाही आणि पंधराव्या दिवशीही नाही. बोलायला गेलं की नुसती हवा निघून जाते, चार शब्दांत दम लागतो, पाण्याचा घोट घेतला की ठसका बसतो, गिळताना घशाच्या एका बाजूला टोचतं. अशा माणसाच्या स्वरयंत्रातली ॲरिटेनॉइड नावाची छोटी कूर्चा तिच्या सांध्यातून सरकलेली असू शकते. वेळेवर ओळखलं तर ती बऱ्याचदा पुन्हा जागेवर बसवता येते. उशीर झाला की सांधा त्याच वाकड्या अवस्थेत आखडून बसतो.

एवढ्या दुर्मीळ दुखण्यावर मराठीत पुस्तक कशाला, असा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर सापडतं. या रस्त्यावर दक्षिण सोलापूर तालुक्यातलं वळसंग लागतं. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथल्या विहिरीचं पाणी प्यायलं, ते हे गाव. इथल्या माणसाला पित्ताशय काढायचं असो, गर्भाशय काढायचं असो की पाय मोडलेला असो, त्याला सोलापूरची वाट धरावी लागते. शहरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, सहकारी आणि खासगी दवाखाने भरपूर आहेत, आणि वळसंगहून शहराकडे जाताना वाटेत कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही लागतं. म्हणजे नाक-कान-घशाचा तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहे. तरीही आवाज गेलेला माणूस त्याच्यापर्यंत पोचतो तो दोन-तीन महिन्यांनी. अंतर रस्त्याचं नाहीच, समजुतीचं आहे.

ती समजूत कशी घडते ते पाहण्यासारखं आहे. समजा, वळसंगमधली पन्नाशीची एक बाई पित्ताचे खडे काढून घरी आली. टाके चांगले भरले, जेवण सुरू झालं, पण आवाज फुटत नाही. सिस्टरनी घरी सोडताना सांगितलेलं असतं, "मावशी, नळी घातली होती ना, घसा बसलाय. कोमट पाणी प्या, आठ दिवसांत होईल." मग ज्येष्ठमध, हळद घातलेलं दूध, मिठाच्या गुळण्या, कोणीतरी सांगितलेला काढा. टाके काढायला गेल्यावर सर्जन पोट तपासतात; पोट ठीक असतं. गावातले डॉक्टर घशात बॅटरी टाकून पाहतात, थोडी लाली दिसते, गोळ्या देतात. त्यात ती बाई विड्या वळत असेल तर कारण आयतंच मिळतं : तंबाखूची धूळ. यंत्रमागावर काम असेल तर सुताची कुसळं. मिश्री लावत असेल तर मग विचारायलाच नको. प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर बोलत असतो आणि आवाज जिथे तयार होतो ती जागा मात्र कोणी पाहिलेली नसते. तोंड उघडून बॅटरीने घशाची मागची भिंत दिसते. स्वरयंत्र त्याच्या खाली, जिभेच्या मुळाआड असतं. ते बॅटरीने दिसत नाही, हे आपल्याकडे अजून पुरेसं माहीत नाही.

स्वरयंत्राचा सांगाडा नऊ कूर्चांचा. पुढून हाताला लागते ती थायरॉइड कूर्चा, पुरुषांच्या गळ्यावर जिचा उंचवटा दिसतो. तिच्याखाली क्रिकॉइड, अंगठीसारखी पूर्ण गोल, मागच्या बाजूला रुंद. या रुंद भागाच्या वरच्या काठावर डावी-उजवीकडे एकेक ॲरिटेनॉइड बसलेली असते. आकार तीन बाजूंच्या सुळक्याचा, उंची सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर. तिचं पुढचं टोक स्वररज्जूला जोडलेलं आणि बाहेरच्या टोकाला तिला फिरवणारे स्नायू. आपण श्वास घेतो तेव्हा दोन्ही ॲरिटेनॉइड बाहेर वळतात आणि स्वररज्जू उघडतात. बोलताना त्या आत वळून खाली झुकतात, स्वररज्जू एकमेकींना भिडतात आणि फुप्फुसातून आलेल्या हवेने थरथरतात. बाईच्या आवाजात ही थरथर सेकंदाला साधारण दोनशे वेळा होते, पुरुषाच्या आवाजात शंभर-सव्वाशे वेळा. हे सगळं ज्या सांध्यावर चालतं तो गुडघ्या-खांद्यासारखाच, आवरण आणि वंगण असलेला सांधा आहे. म्हणून त्याला संधिवात होतो, त्यात रक्त साचू शकतं, तो आखडतो. आणि खांदा निखळतो तसा तोही निखळू शकतो. फरक इतकाच की निखळलेला खांदा घरातल्या कोणालाही बघताक्षणी कळतो.

तो निखळतो कसा? सर्वांत जास्त वेळा भुलीची नळी घालताना किंवा काढताना. घसा उघडून धरणाऱ्या लॅरिंगोस्कोपचं पातं किंवा नळीचं टोक ॲरिटेनॉइडला आतून लागलं तर ती पुढे आणि मध्याकडे ढकलली जाते. नळीची फुगीर बाजू तिच्यावर रेटली गेली, किंवा नळीचा फुगा नीट न सोडता ती ओढून काढली, तर ती मागे आणि बाहेर सरकते. डाव्या बाजूला हे जास्त आढळतं. लॅरिंगोस्कोप डाव्या हातात आणि नळी उजव्या हातात धरून तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत नेण्याची पद्धत आहे. त्या दिशेमुळे डावी बाजू माऱ्यात येते, असं मानलं जातं. पोटात घालायची नाकातली नळी, अन्ननलिकेतून केलेली हृदयाची सोनोग्राफी, क्वचित प्रसंगी अनावर खोकला, एवढ्यानेही हे घडल्याच्या नोंदी आहेत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, मधुमेही, मूत्रपिंडाचे जुने रुग्ण यांचे अस्थिबंध आधीच सैल असू शकतात.

दुसरं कारण बाहेरचा मार. आमच्या जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की रात्री दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि मोटारसायकलवाला मागून थेट उसात घुसतो. मार गळ्यावर बसतो. गळ्याला आडवी आलेली तार, मांजा, हँडलची मूठ, यांचंही तसंच. अशा वेळी आधी श्वास वाचवायचा असतो, आवाजाचा विचार कोणी करत नाही आणि करूही नये. पण माणूस वाचून घरी गेल्यावर तरी तो व्हावा.

हे किती जणांना होतं? १९७८ साली लुब्लियानाच्या कांबिच आणि राडशेल यांनी नळी घातलेल्या १००० रुग्णांची स्वरयंत्रं तपासली, तेव्हा ॲरिटेनॉइड सरकलेला रुग्ण एकच सापडला. नंतरच्या मोठ्या पाहण्यांतही आकडा हजारात एक किंवा त्याहून कमी असाच येत राहिला. वाचायला हे नगण्य वाटतं. परंतु एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात वर्षाकाठी हजारो रुग्णांना नळी घातली जाते, हे लक्षात घेतलं की दर वर्षी काही माणसं या आकड्यात बसणार हे उघड आहे. ती आमच्या नोंदवह्यांत दिसत नाहीत, कारण त्यांना कोणी शोधलेलं नसतं. जे शोधायचंच नाही ते दुर्मीळच राहणार.

इथे एक वाद सांगितला पाहिजे. तो लपवून पुस्तक लिहिणं प्रामाणिक झालं नसतं. काही अभ्यासकांना ही कूर्चा नळीने खरोखर निखळते हेच मान्य नाही. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिख पॉलसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांतून काढलेल्या स्वरयंत्रांवर नळ्या मुद्दाम चुकीच्या पद्धतीने घालून पाहिल्या आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापला : सांधा निखळला नाही. त्यांना सापडल्या त्या सांध्याच्या आतल्या जखमा. त्यांचं म्हणणं असं, की सांध्यात रक्त साचतं, आतल्या पडद्याला इजा होते, सूज येते आणि त्यामुळे कूर्चा वाकड्या जागी चिकटते. आपण तिला निखळलेली म्हणतो. उलट बाजूला फिलाडेल्फियाचे रॉबर्ट सॅटालॉफ यांच्यासारखे आवाजाचे शल्यविशारद आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आपला वीस वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात कूर्चा जागेवर ढकलल्यावर आवाज सुधारलेले रुग्ण आहेत. सॅटालॉफ स्वतः गायकही आहेत, म्हणून त्यांचं कान देऊन ऐकावंसं वाटतं, हा माझा पक्षपात समजा.

माझ्या मते दोन्ही बाजू पूर्ण खोट्या नाहीत. मृतदेहाच्या स्वरयंत्रात रक्त वाहत नाही, स्नायू ओढत नाहीत, माणूस खोकत नाही. त्यामुळे तिथे जे घडलं नाही ते जिवंत माणसात घडणारच नाही असं म्हणता येत नाही. आणि ज्यांना आपण निखळलेलं समजतो त्यांतले काही जण सांध्यात रक्त साचल्याचेच असणार. पण वळसंगच्या त्या बाईच्या दृष्टीने वादाचा निकाल काहीही लागला तरी पुढची पायरी तीच राहते. सांधा सरकला असो वा रक्ताने आखडत चालला असो, लवकर पाहावं लागतं आणि तो पक्का चिकटायच्या आत हालवावा लागतो.

याहून खरी अडचण वेगळी आहे आणि या पुस्तकाची सगळ्यांत जास्त पानं तिच्यावर खर्ची पडली आहेत. एका बाजूची स्वररज्जू हालत नसेल तर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती लकव्याची, म्हणजे स्वररज्जूला हालवणारी नस दुखावल्याची. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर हे होतं, छातीतल्या गाठीने होतं, कधी विषाणूनेही होतं. दुर्बिणीतून लकवा आणि निखळलेला सांधा जवळजवळ सारखेच दिसतात : एक बाजू हालते, दुसरी स्तब्ध. पण लकव्यात नस पुन्हा जागी होण्याची वाट सहा महिने, कधी वर्षभर पाहायची असते. सांधा सरकलेला असेल तर तेच थांबणं घातक ठरतं. दिसायला एकच खूण आणि उपचाराचे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध. "लकवा आहे, सहा महिने थांबा" हा सल्ला दिला जातो, तो वाईट हेतूने नव्हे, सवयीने. सहा महिन्यांनी नस काही जागी होत नाही, कारण ती झोपलेलीच नसते. तोवर सांधा मात्र गेलेला असतो.

फरक ओळखायच्या खुणा आहेत. इतिहास बोलका असतो : आवाज नळीनंतर लगेच गेला, मानेचं किंवा छातीचं ऑपरेशन नव्हतं, गिळताना दुखतं. लकवा सहसा दुखत नाही. दुर्बिणीत दोन्ही स्वररज्जूंची पातळी वर-खाली दिसते, सरकलेली ॲरिटेनॉइड पुढे कलंडलेली किंवा सुजलेली असते. लकव्यात निरोगी बाजू आत येऊन धडकली की लुळी ॲरिटेनॉइड तेवढ्यापुरती हिसका खाते. अडकलेली मात्र जागची हालत नाही. बारीक कापांच्या सीटी स्कॅनमध्ये कूर्चेची जागा दिसते, मात्र तरुण माणसाची कूर्चा हाडासारखी घट्ट झालेली नसेल तर तीही नीट उमटत नाही. सर्वांत खात्रीची तपासणी स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी : बारीक सुईने स्नायूतली वीज मोजायची. वीज नीट असेल तर नस शाबूत आहे आणि दोष सांध्यात आहे. ही सोय छोट्या शहरांत सहजी मिळत नाही. पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात किंवा मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलात आवाजाच्या आजारांकडे स्वतंत्रपणे पाहिलं जातं. गरज पडली तर तिकडे पाठवावं. पण पहिली नजर इथेच टाकता येते.

त्या पहिल्या नजरेला महागडं यंत्र लागतंच असं नाही. मानुएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या शिक्षकाने १८५४ साली दाताच्या डॉक्टरचा आरसा घशात धरून, उन्हाचा कवडसा त्यावर पाडून स्वतःच्या स्वररज्जू पाहिल्या आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते निरीक्षण मांडलं. तोच आरसा आजही आमच्या ओपीडीत आहे. जीभ गॉजच्या तुकड्यात धरायची, आरसा स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करायचा म्हणजे श्वासाने धुरकटत नाही, मागे हळूच टेकवायचा आणि रुग्णाला म्हणायचं, "ई म्हणा... पुन्हा, ई." उलटी येते, डोळ्यांत पाणी येतं, पण दोन सेकंदांत पांढऱ्या दोन रेघा मिटताना दिसतात. किंवा एकच मिटताना दिसते. नाकातून घालायची लवचीक दुर्बीण अर्थात अधिक सोयीची, आणि स्ट्रोबोस्कोप असेल तर थरथर संथ करून पाहता येते. घरच्या लोकांना करता येण्यासारखी खूणही एक आहे. रुग्णाला खोल श्वास घेऊन जमेल तितका वेळ "आ" म्हणायला सांगा आणि घड्याळ धरा. निरोगी प्रौढ माणूस पंधरा-वीस सेकंद ओढतो. पाच-सहा सेकंदांत हवा संपत असेल तर स्वररज्जू नीट मिटत नसाव्यात. का मिटत नाहीत, ते मात्र डॉक्टरांनीच पाहायचं.

तंबाखूच्या मुलखात या नजरेचा दुसरा फायदाही आहे. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला घोगरेपणा हे स्वरयंत्राच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. विडी ओढणाऱ्याचा आवाज ऑपरेशननंतर बसला म्हणून आत पाहिलं आणि भलतंच, पण वेळेवर सापडलं, असं होऊ शकतं. कोणत्याही कारणाने असो, इतके दिवस बसलेला आवाज न पाहता औषध देणं चूकच.

उपचाराची प्रकरणं शल्यविशारदांसाठी आहेत, तरी सामान्य वाचकाला त्यातलं मुख्य कळावं. कूर्चा जागेवर बसवायला गळा कापावा लागत नाही. काही ठिकाणी घसा फवारे मारून बधिर करतात आणि रुग्ण जागा असतानाच हे करतात. काही ठिकाणी थोडा वेळ भूल देतात. तोंडातून सरळ लॅरिंगोस्कोप घातला की ॲरिटेनॉइड समोर येते. आधी बोथट सळईने तिला हलकेच ढकलून पाहतात. लकव्याची असेल तर ती सहज डोलते, अडकलेली असेल तर हाताला विरोध लागतो. निदानाची शेवटची पायरी आणि उपचाराची पहिली अशी एकाच क्षणी घडते. पुढे सरकलेली असेल तर तिला मागे आणि बाहेर दाबायचं, मागे गेलेली असेल तर लॅरिंगोस्कोपचं टोक तिच्या बाहेरच्या खोबणीत नेऊन पुढे-आत उचलायचं. जोर बेताचा, कारण श्लेष्मल पडदा फाटायला वेळ लागत नाही. रुग्ण जागा असेल तर लगेच "ई" म्हणायला सांगता येतं आणि कधी कधी त्याच टेबलावर आवाज भरून आलेला ऐकू येतो. नेहमी नाही. दोन-तीन बैठका लागतात, काहींना सांध्याजवळ स्टेरॉइड देतात, काहींना कूर्चा पुन्हा ओढली जाऊ नये म्हणून बोटॉक्सने स्नायू काही आठवडे सैल ठेवतात. पहिल्या काही आठवड्यांत केलेल्या प्रयत्नाला यश जास्त. अनेक महिन्यांनी जमल्याची उदाहरणं आहेत, पण त्यावर विसंबू नये.

वेळ गेलेलीच असेल तरी सगळं संपत नाही. क्योटोच्या नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने थायरॉइड कूर्चेला खिडकी पाडून, आतल्या स्वररज्जूला ठोकळ्याचा टेकू देऊन मध्याकडे सरकवता येतं. रुग्णाच्याच पोटाची चरबी स्वररज्जूत भरूनही फट कमी करता येते. सांधा बरा होत नाही, पण आवाज कामापुरता परत येतो. आणि कोणताही मार्ग घेतला तरी पुढे वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जावंच लागतं. महिनोन्महिने जोर लावून बोललेल्या माणसाला गळ्याचे चुकीचे स्नायू ताणायची सवय जडलेली असते. ती सुटली नाही तर जागेवर बसलेली कूर्चाही उपयोगी पडत नाही. हा भाग रुग्ण सर्वांत आधी टाळतात. दर आठवड्याला सोलापूरला यायचं, तेही नुसतं हुंकार भरायला, हे घरच्यांना पटत नाही.

भूलतज्ज्ञांना या पुस्तकाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे असं वाटू नये. अवघड गेलेल्या नळीनंतर हे जास्त होतं, पण अगदी सहज पहिल्या झटक्यात गेलेल्या नळीनंतरही झाल्याच्या नोंदी आहेत. नळीने जीव वाचतो. आवाजाची इजा हा तिचा दुर्मीळ, आधी सांगता येण्यासारखा धोका आहे. तो आधी सांगितला जात नाही आणि नंतर विचारला जात नाही, तक्रार आहे ती एवढीच. डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे ते असतं, पथ्य असतं, गोळ्या असतात. तिथे एक ओळ वाढवायला खर्च शून्य आहे : आठ दिवसांनंतरही आवाज बसलेला असेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर नाक-कान-घसा विभागात दाखवा. ही ओळ मराठीत आणि आमच्या भागात कन्नडमध्येही छापावी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कित्येक घरांत बाईमाणसं कन्नडच बोलतात आणि मराठी कार्ड कोणाकडून तरी वाचून घेतात.

वाचकांपैकी कोणाच्या घरात असा माणूस असेल, तर पुस्तक वाचून इलाज ठरवू नका आणि पुस्तक संपेपर्यंत थांबूही नका. भूल दिल्याचा कागद, ऑपरेशनची तारीख आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या. दुसरा आठवडा संपायच्या आत नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि आवाज कोणत्या दिवशी गेला ते सांगा. दुर्बिणीने किंवा आरशाने आत पाहिल्याशिवाय औषध लिहून घेऊन उठू नका. एक बाजू हालत नाही असं सांगितलं, तर एवढंच विचारा : नस आहे की सांधा?